भाड्याची वही

माझी साडेतीन एकर जमीन एमआयडीसीत गेली. उरलेल्या तुकड्यात कांदा करतो आणि रस्त्याकडेला बांधलेल्या बारा खोल्या भाड्यानं देतो. चाकण पट्ट्यात आमच्यासारख्या बऱ्याच जणांचं असंच आहे. आधी आम्ही आभाळाकडं बघून जगायचो, आता महिन्याच्या पाच तारखेकडं. कोण कुठल्या खोलीत, भाडं किती, लाईटबिल किती, सगळं एका वहीत लिहितो. दहावीपर्यंत शिकलो, त्याचा तेवढा उपयोग झाला.

काही वर्षांपूर्वी सात नंबरच्या खोलीत बिहारचा एक पोरगा होता. ठेकेदाराकडं, प्रेसवर कामाला. दसऱ्याच्या आधी त्याची दोन बोटं प्रेसखाली गेली. ठेकेदारानं पहिल्या दिवशी दवाखान्याचे पैसे भरले, नंतर फोन उचलणंच बंद केलं. ईएसआयला पोराचं नाव घातलेलंच नव्हतं. सोबतचे दोघं खोली सोडून गेले.

मी काही दगड नाही. थंडी पडली तेव्हा त्याला घोंगडी दिली, कारभारणीनं दोनदा भाकरी पाठवली. पण वहीत सात नंबरपुढं तीन महिन्यांचे १०,५०० रुपये चढले होते. त्यात तो कधीमधी प्यायचा. मी सांगितलं, "एक तारखेला खोली मोकळी कर." तो खाली बघत "जी" म्हणाला.

चार नंबरला नगरकडचं ख्रिस्ती कुटुंब राहायचं. नवरा कंत्राटी कामगार, त्यालाही त्याच महिन्यात ब्रेक मिळालेला. तरी दारावर कागदाची चांदणी लागली होती. नाताळच्या सकाळी त्या घरची बाई झाकलेलं ताट घेऊन निघाली. मालकाचं ताट आलं असं समजून मी ओट्यावर सरसावून बसलो. ती मला ओलांडून सात नंबरला गेली.

माझं ताट दुपारी आलं. माझ्या गळ्यात माळ, म्हणून नुसत्या करंज्या आणि चकल्या. मी म्हणालो, "पोरी, तुमचंच काम सुटलंय. त्यात तो पिणारा. त्याला कशाला?"

ती म्हणाली, "आबा, तुम्हाला उद्या दिलं तरी चालंल. त्याला आजच लागतंय."

मग तिनं सांगितलं, की तिच्या आजीची आई केडगावला वाढलेली. दौंड तालुक्यातलं केडगाव, पंडिता रमाबाईंचं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी पोरीबाळी, विधवा सोबत घेऊन आल्या. त्यांना केडगावच्या जागेत निवारा दिला. त्यातूनच मुक्ती मिशन उभं राहिलं. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेलेले. भूक काय असते हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. रस्त्याकडेला पडलेल्या पोरीला, तू मदतीच्या लायकीची आहेस का, असं त्यांनी विचारलं असतं तर ती बाई आज माझ्या ओट्यासमोर उभी नसती.

आम्ही शेतकरी माणसं. खडकावर बी टाकत नाही. मदत करतानाही आधी जमीन बघतो: माणूस कसा आहे, फेडील का, सुधरंल का. यात सगळंच चूक आहे असं मला आजही वाटत नाही. सोसायटीचं कर्ज माझ्याही डोक्यावर आहे, कांद्याचा भाव माझ्या हातात नाही. पण त्या रात्री वही उघडली आणि लक्षात आलं, की घोंगडी मी दिली होती ती मला जड नव्हती म्हणून. जे जड होतं ते वहीत तसंच होतं. उरलेलं देणं म्हणजे दया असेल. प्रेम म्हणतात ते वहीपर्यंत पोचायला लागतं.

देहू आमच्यापासून लांब नाही. दुष्काळानंतर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं लहानपणापासून ऐकतोय. दरवर्षी बीजेला जातो, माथा टेकतो आणि घरी येऊन वही लिहितो. हे दोन्ही एकत्र कसं चालतं, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो एका नगरच्या बाईच्या ताटानं पाडला.

मी तुकोबा नाही. वही बुडवली नाही. सात नंबरच्या तीन महिन्यांवर रेघ मारली, आणि खोली सोडायची नाही असं सांगितलं. पोरगा होळीपर्यंत राहिला. मग एक दिवस न सांगताच गेला. पुढचं भाडंही राहिलं. कारभारीण म्हणते, फसवलं. असेलही.

त्या रेघेचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ते ताट मला ओलांडून उपाशी माणसाकडं गेलं, तेव्हा मला राग आला होता.