फाटकाचा भाव

शहापूरहून किन्हवलीच्या रस्त्याला लागा किंवा मुरबाडहून टोकावड्याच्या, पौष-माघात अधूनमधून एखादं खाचर मैदान झालेलं दिसतं. भात केव्हाच झोडून झालेलं असतं. धसकटं काढून रोलर फिरवलेला असतो, फक्कीने रेषा मारलेल्या असतात आणि माइकवर कुणीतरी धावा सांगून सांगून घसा बसवून घेतलेला असतो. दिवसा टेनिस बॉलचं क्रिकेट, रात्री दिव्यांच्या उजेडात कबड्डी. फुटबॉल आमच्याकडे मैदानावर कमी आणि मोबाइलवर जास्त. मेस्सीचा गोल बघायला अर्धी रात्र जागणारी पोरं सकाळी बॅट घेऊनच बाहेर पडतात.

मैदानाच्या कडेला वड्याची गाडी असतेच. एसटी स्टँडसमोर वडापावला जो भाव, तोच इथे. चहाचंही तसंच. चारशे-पाचशे माणूस जमलेलं असतं, ऊन तापलेलं असतं, भूक सगळ्यांनाच लागलेली असते. गिऱ्हाईक एवढं अडलेलं असताना भाव का वाढत नाही? गाडीवाला काही दानधर्म करायला आलेला नसतो. मंडळाला पावती फाडून, सिलिंडर आणि पिठाचा डबा टेम्पोत घालून तो आलेला असतो, म्हणजे नेहमीपेक्षा खर्च जास्तच.

उत्तर मैदानाच्या कडेला आहे, किंवा खरं म्हणजे तिथे काही नाही, यात आहे. बांध ओलांडला की माणूस बाहेर. पाच मिनिटांवर नाका, दहा मिनिटांवर घर. निम्म्या खेळाडूंचे डबे आलेले असतात. कुणाची तरी मावशी त्याच गावात दिलेली असते, ती न जेवता सोडत नाही. वडा महागला तर कुणी वाद घालणार नाही, उठून जाईल. शिवाय गाडीवाल्याला दुसऱ्या दिवशी याच माणसांसमोर नाक्यावर उभं राहायचं असतं. एकाला मी विचारलंही होतं, आज दोन रुपये वाढवले असते तर? तळण हलवता हलवता तो म्हणाला, "उद्या तोंड दाखवायचंय, दादा."

या गाडीवरची आणखी एक गोष्ट बघण्यासारखी असते. अंतिम सामना सुरू झाला की तो गॅस बारीक करतो. नवं पीठ भिजवत नाही. परातीत उरलेले वडे मोजतो, समोरची गर्दी नजरेने मोजतो आणि मग दोनाच्या पैशात तीन देऊ लागतो. बक्षीस समारंभ होईपर्यंत परात रिकामी. सकाळपासून न हललेला भाव संध्याकाळी हलतो, आणि तोही खाली.

आता दुसरं मैदान. भाच्यांच्या हट्टापायी एकदा शहरात फुटबॉलची मॅच बघायला गेलो. मैदानाचं नाव घेत नाही, दोष त्या एकाच मैदानाचा नव्हे. आसनगावहून लोकल पकडून, एकदा गाडी बदलून, उन्हातून चालत आम्ही फाटकाशी पोचलो. तिथे पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या, बहिणीने बांधून दिलेल्या चपात्या काढून घेतल्या. आत गेल्यावर बाहेरचा दहाचा चहा चाळीसला आणि समोसा त्याहून वर. पाणी कागदी ग्लासात ओतून, त्याचेही पैसे. मध्यंतरात रांग एवढी लांब, की दुसरा हाफ सुरू होऊन गोल झाला तरी आम्ही समोशापाशीच. बाहेर जावं तर तिकिटावर छापलेलं, एकदा बाहेर पडल्यास पुन्हा प्रवेश नाही.

त्या समोशातला बटाटा काही वेगळा नसतो. तेल तेच, मैदा तोच. आतला विक्रेताही लुटारू नसतो. तो बहुधा रोजंदारीवरचा पोरगा असतो. त्याच्या मालकाने आत विकण्याचा ठेका घेतलेला असतो, आणि ठेक्याची रक्कम ठरते ती आत कोंडल्या गेलेल्या माणसांच्या हिशेबावर. वर्षात सामने मोजके, त्यामुळे सगळी वसुली त्या मोजक्या दिवसांत. म्हणजे चाळीस रुपयांच्या चहात दहा रुपये चहाचे; उरलेल्यातले थोडे कामगाराचे नि साफसफाईचे, आणि बाकीचे फाटकाचे. फाटक ज्याच्या हातात, त्याच्याकडे ते पोचतात.

हे कोडं आमच्या भागाला नवीन नाही. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे ओलांडलं की उजव्या हाताला नाणेघाटाची वाट चढते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नर-पैठणकडे जायचा. वर गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणं यांची त्यात मोजदाद आहे. आणि घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे, जकात गोळा करायचा म्हणून सांगतात. रांजण नेमका कुठे ठेवलाय ते बघा. खाली कोकणात नाही, वर पठारावर ऐसपैस जागी नाही. घळ जिथे संपते आणि माल घेतलेला माणूस ना मागे फिरू शकतो ना बगल देऊ शकतो, बरोबर तिथे. व्यापाऱ्याच्या गोणीत काय आहे याच्याशी त्या जागेला देणंघेणं नाही.

यावर कुणी म्हणेल, फाटक नसतानाही भाव चढतोच की. पावसाळ्यात माळशेज घाटात धबधब्याखाली भिजलेल्या माणसाला मक्याचं कणीस कितीला मिळतं? माहुलीच्या किल्ल्यावर अर्ध्या चढावर ताक कितीला? खरं आहे. फाटक लोखंडाचंच असावं लागत नाही. परतीची वाट लांब असली, की तिचंच फाटक होतं. पण या दोन्हींत फरक आहे. माहुलीवर ताक विकणारी बाई डोक्यावर हंडा घेऊन तो चढ स्वतः चढलेली असते. जास्तीचे पैसे तिच्या पायांचे. आणि म्हशाच्या जत्रेत बघा. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या या गावात म्हसोबाच्या यात्रेला माणसांचा आणि बैलांचा जो लोंढा लोटतो, तेवढी गर्दी कितीएक स्टेडियमना कधी मिळत नाही. तिथे जत्रेचा भाव असतो, नाही कोण म्हणतो? पण एका भेळवाल्याने ताणलं तर शेजारी दुसरा असतो, त्याच्या पलीकडे तिसरा. घासाघीस चालते. स्टेडियममध्ये शेजारचा स्टॉलही त्याच ठेकेदाराचा. घासाघीस कुणाशी करणार?

फाटकाच्या बाजूने एक खरं कारण आहे, ते झाकून ठेवू नये. १३ मार्च १९९६ ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचे गडी कोसळू लागले आणि प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये जाळपोळ केली. सामना थांबवून श्रीलंकेला विजयी घोषित करावं लागलं. कटकला ऑक्टोबर २०१५ मध्ये पुन्हा बाटल्या उडाल्या. सीमारेषेवर उभ्या पोराच्या डोक्यात भरलेली बाटली बसली तर काय होईल हे सांगायला नको. बाटली काढून घेतात ते ठीकच. मात्र बाटली काढून घेण्याचं कारण हे पाणी विकण्याचं कारण होऊ शकत नाही. चपातीचा तर कुणाला मारही लागत नाही. सुरक्षेच्या नावाने दार लागतं आणि लागलेल्या दाराचा हिशेब दुसऱ्याच वहीत लिहिला जातो.

नाट्यगृहं, सिनेमागृहं यांच्याबाबत हाच वाद आपल्याकडे रंगला होता. जुलै २०१८ मध्ये डोंबिवलीचे आमदार आणि तेव्हाचे अन्न व नागरी पुरवठा राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी विधिमंडळात सांगितलं, मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येतील. लोक खूश झाले. महिनाभरात सरकारनेच उच्च न्यायालयात सुरक्षेचं कारण पुढे करून हात आखडता घेतला. पुढे ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो जम्मू-काश्मीरच्या प्रकरणात. सिनेमागृह ही मालकाची खासगी जागा, बाहेरचं खाणं नको म्हणायचा त्याला हक्क आहे. कुणी जिलबी आणली आणि चिकट बोटं खुर्चीला पुसली तर साफसफाईचे पैसे कोण देणार, असंही तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड सुनावणीत म्हणाले. जिलबीचा मुद्दा मला पटतो. आमच्या चपातीबरोबर लसणाची चटणी होती, ती शेजाऱ्याच्या शर्टाला लागली असती तर भांडणच झालं असतं. पण त्याच वेळी न्यायालयाने दोन गोष्टी सोडवून घेतल्या: प्यायचं स्वच्छ पाणी फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या मुलाचं खाणं अडवता येणार नाही. म्हणजे फाटकाचा भाव कायद्याने मान्य, पण पाण्यापाशी तो थांबला पाहिजे.

फाटक असूनही भाव न लावण्याचा मार्ग कुणी घेतलाय का? अमेरिकेत अटलांटा शहरात २०१७ मध्ये मर्सिडीज-बेंझ स्टेडियम उघडलं. अटलांटा युनायटेड हा फुटबॉल संघही तिथेच खेळतो. त्या संघाचे मालक आर्थर ब्लँक यांनी हॉटडॉग २ डॉलरला ठेवला, पाण्याची बाटली २ डॉलरला, आणि तेवढ्याच पैशात शीतपेय हवं तितक्या वेळा भरून. जुन्या स्टेडियमच्या मानाने भाव निम्म्यावर आणले. पहिल्याच हंगामात माणशी खर्च मात्र १६ टक्क्यांनी वाढला. यात चमत्कार नाही. महाग आहे म्हणून जो घरून खाऊन यायचा आणि पोराला "घरी गेल्यावर देतो" म्हणायचा, तो आता लवकर येऊन आतच जेवू लागला. आमच्यासारख्यांना तर मॅच संपली की शेवटची कसारा लोकल गाठायची घाई. बाहेर पडून खायला वेळच नसतो. आत परवडणारं मिळालं असतं तर आम्ही चार जण चार-चार समोसे खाल्ले असते. चाळीसच्या भावाने एक चहा तिघांत झाला.

पाण्याशी मात्र थोडं थांबायला हवं, कारण ते आमच्या तालुक्याचंच आहे. तानसा धरण १८९२ चं. त्यानंतर मोडक सागर आणि भातसा. ही सगळी शहापूर तालुक्यात, आणि एकटं भातसा मुंबईची जवळजवळ निम्मी तहान भागवतं. कूपरेजचा नळ उघडा, अंधेरीच्या क्रीडा संकुलाचा उघडा, वानखेडेचा उघडा; जे येतं त्यातलं बरंचसं इथल्या डोंगरांवर पडलेलं असतं. ते पाणी जाडजूड पाइपांतून आमच्या शेतांजवळून जातं. आणि एप्रिल उजाडला की त्याच तालुक्यातल्या कितीतरी गावांत आणि पाड्यांवर टँकरची वाट बघत विहिरीभोवती हंडे लागतात.

गावच्या मैदानावर पूर्वी पाण्याचं पिंप असायचं. तोंडाला फडकं बांधलेलं, वर साखळीने अडकवलेला स्टीलचा पेला. मंडळातलं सगळ्यात धाकटं पोरगं ते विहिरीवरून भरून आणायचं, आणि त्याबद्दल त्याला शेवटच्या सामन्यात बारावा गडी म्हणून उभं करायचे. हल्ली पिंपाच्या जागी थंड पाण्याचे जार असतात, आरओ प्लांटवरून विकत आणलेले. पिणाऱ्याला अजून फुकट, पण मंडळाच्या वहीत चषक, मंडप, पंचांचं मानधन यांच्याखाली आता 'पाणी' असा आकडा पडतो. तो आकडा वाढला की प्रवेश फी वाढते. म्हणजे संघातल्या पोरांच्या खिशातून जाते. वड्याच्या गाडीवाल्याचंही तेच: पीठ भिजवायला, भांडी विसळायला पाणी लागतं, आणि विहीर आटली की तोही जारच घेतो. बांध ओलांडून माणूस अजून बाहेर जाऊ शकतो. पण नाक्यावरच्या हॉटेलातही जारच, आणि मावशीच्या घरी हंडा अर्धा. फाटक मैदानाला लागलेलं नाही. ते वर, धरणाच्या दाराशी लागलंय.

म्हणून आमच्याकडची कितीतरी मंडळं हल्ली स्पर्धा होळीच्या आत उरकतात. मैदानावर शिंपडायला आणि पाहुण्या संघांना पाजायला पाणी असतं तोवर खेळ. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, खरी गर्दी तेव्हाच जमली असती. पण त्या गर्दीला पाजायचं काय, हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत पहिलाच निघतो.