कुळ बदललेला पक्षी

गेल्या डिसेंबरात मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात मला दोन पक्षी दिसले. एक तांबूस, एक पांढराशुभ्र. दोघांचंही डोकं काळं, त्यावर तुरा, आणि मागे रिबिनीसारखी लांब शेपटी. मी मोबाइलवर दोन वेगळ्या नोंदी करायला घेतल्या. वाट दाखवायला आलेले गावातले काका म्हणाले, "दोन कशाला लिहितोस? तो पण नर, हा पण नर. एकच जात."

बरोबर होतं. स्वर्गीय नर्तकाचा नर तांबूस असतो किंवा पांढरा. मादी तांबूस, आखूड शेपटीची.

घरी येऊन वाचत बसलो. 1758 साली लिनियसने या पक्ष्याला चक्क कावळ्यांत बसवलं. नाव दिलं कॉर्व्हस पॅराडिसी. पुढे त्याची रवानगी माशीमारांच्या कुळात झाली, कारण तो उडता उडता किडे पकडतो. मग डीएनएचा अभ्यास आला आणि तो मोनार्किडी कुळात गेला. गंमत म्हणजे हे कुळ माशीमारांपेक्षा कावळ्यांना जवळचं आहे. 2015पर्यंत भारतातला, ब्लिथचा आणि अमूरचा नर्तक ही एकच जात मानत. आता त्या तीन आहेत.

एवढ्या उलथापालथीत पक्ष्याचं काय बिघडलं? काहीच नाही. कावळा म्हटलं म्हणून तो कधी ओरडला नाही, आणि कुळ बदललं म्हणून नाचायचा थांबला नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वर्गवारी करणं हे माझं रोजचं काम. क्लास चुकला तर कोड सुधारायचा, डेटाला राग येत नाही. माणसाचं तसं नसतं. इयान हॅकिंग या तत्त्वज्ञाने हाच फरक मांडला होता: काही वर्ग असे असतात की त्यातल्या वस्तूंना त्या वर्गाचं सोयरसुतक नसतं, माणसाला मात्र आपल्यावरचं लेबल कळतं, आणि त्याने तो बदलतो.

आता कबुली. त्या सकाळी गेटवर मी काकांना आडनाव विचारलं होतं. ते ऐकल्याबरोबर डोक्यात एक फाइल आपोआप उघडली: शिक्षण किती असेल, काय माहीत असेल, काय नसेल. म्हणून तर पक्षी दिसल्यावर त्यांना काही न विचारता मी थेट अ‍ॅप उघडलं. लिनियसने निदान पक्ष्याचे नमुने आणि वर्णनं तरी तपासली असतील. मी फक्त आडनाव ऐकलं.

वर्गवारी टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. जातीला नाव नसेल तर ती वाचवायची कशी? आरक्षण असो वा अभयारण्य, दोन्हींना यादी लागतेच. पण पक्षीशास्त्राने अडीचशेहून जास्त वर्षं आपली यादी खोडून पुन्हा लिहिली, कारण पुरावा आला की यादीने मागे हटायचं, पक्ष्याने नाही. माणसांच्या बाबतीत आपण उलट करतो. यादी तशीच ठेवतो, आणि समोरचा तिच्यात बसला नाही तर त्याला "अपवाद" म्हणतो. काकांबद्दल माझ्या मनात पहिल्यांदा हाच शब्द आला होता.

एवढं सगळं वाचलं, लिहिलं. या पक्ष्याला काका काय म्हणतात, ते मात्र मी अजून विचारलेलं नाही.