कुणाच्या ताटातली काटकसर

१८७५ च्या उन्हाळ्यात आमच्या पारनेर-श्रीगोंद्याकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं हिसकावून जाळली. ही गोष्ट सांगून झाली की दादा म्हणायचे, "आपल्याला जाळायचं न्हाई, फेडायचं."

७२ च्या दुष्काळात बैल विकूनही सोसायटीचं कर्ज उरलं. आई-दादा दोघंही खडी फोडायला जायचे. घरात चहा कोरा, गुळाचा. दादांनी बिडी सोडली. चुलीमागच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं हप्त्यांच्या रेघा ओढल्या होत्या. हप्ता भरला की एक पुसायची. उरलेल्या रेघा मोजत आम्ही पोरं झोपायचो. खरं सांगतो, मजा वाटायची.

सातव्या वर्षी शेवटची रेघ पुसली. दादांनी गूळ वाटला. आई सहज बोलून गेली, "आता म्या बी पोटभर खाईन."

रेघा सगळ्यांनी मोजल्या, तिच्या भाकरी कुणीच नाही. ती मागून जेवायची, तेव्हा टोपल्यात काय उरायचं कोण बघतंय? दादांना दोष देववत नाही, त्यांनीही सोसलंच. पण काटकसरीला सद्गुण म्हणताना आता माझी जीभ अडखळते. जे स्वतःहून सोडलं ती काटकसर. जे न विचारता तिच्या ताटातून गेलं, त्याला काय म्हणायचं?

कर्ज फिटल्याचा दाखला अजून ट्रंकेत आहे. त्यावर नाव दादांचं.