हात दुखतो, पण मूळ कुठे?

जिथे दुखतं तिथेच दोष, असं आपण धरून चालतो. पण हात या हिशेबात नेहमी बसत नाही. हृदयाकडून आणि हाताच्या आतल्या बाजूकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूत जवळपास एकाच ठिकाणी पोहोचतात. म्हणून हृदयाची तक्रार मेंदूला हाताची वाटू शकते. मानेतली नस दबली, तर कळ बोटांपर्यंत उतरते, मुंग्या येतात. मधुमेहात अनेकांचा खांदा आखडतो आणि वेणी घालायला हात मागे जात नाही.

मग प्रत्येक कळीला घाबरायचं का? नाही. बादली उचलल्यानंतर दुखणारा, दाबल्यावर ठणकणारा हात बहुधा स्नायूंचाच असतो. विश्रांतीने तो सुधारतो. दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवावं. पण जिना चढताना हात भरून येत असेल, तर दोन आठवडे वाट पाहू नये. सोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल, किंवा अचानक हातातलं बळ गेलं, तोंड वाकडं झालं, तर लगेच १०८ला फोन करावा. ‘गॅस असेल’ म्हणत ओवा चावत बसू नये. गॅसच निघाला, तर ईसीजीची चार-पाच मिनिटं गेली एवढंच. हृदय निघालं, तर तीच मिनिटं जीव वाचवतील.