बाहुली आणि वजाबाकी

बाहुली ही कलाकृती की गणित शिकविण्याचे साधन, असे कोणी विचारल्यास बहुतेक जण 'दोन्ही' असे उत्तर देऊन मोकळे होतील. आम्हीही तेच म्हटले असते. परंतु एकाच बाहुलीत हे दोन्ही हेतू सुखाने नांदतात काय, ही शंका आमच्या नातीने आमच्या मनात निर्माण केली.

शासकीय सेवेत आमची काही वर्षे झाबुआ जिल्ह्यात गेली. तेथील कापडी बाहुल्या प्रसिद्धच आहेत. कापूस भरून शिवलेले अंग, भिल्लांचा पेहराव, पुरुषाच्या हाती धनुष्यबाण, स्त्रीच्या अंगावर दागिने, आणि बहुधा जोडीनेच घडविलेल्या. या कलेसाठी झाबुआच्या रमेश व शांती परमार या दांपत्यास २०२३ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. आमच्या माधव नगरातील घरी अशा तीन जोड्या आहेत. गौरी-गणपतीत त्या आराशीत बसतात, एरवी नातीच्या भातुकलीत.

नातीला वजाबाकी उमगेना. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंनाच त्यांनी साधन केले होते. मग घरच्या बाहुल्या का नकोत? प्रत्येक पुरुषाला एक धनुष्य, ही एकास एक जुळणी तिला लगेच साधली. जोड्यांवरून समसंख्याही कळली. पुढे सहांतील एक बाहुली उचलून आम्ही पाठीमागे धरली व विचारले, "आता किती उरल्या?"

ती म्हणाली, "आजोबा, आधी सांगा, ती गेली कुठे? तिचा नवरा एकटाच राहिला ना!"

आम्ही हसलो, पण ते वाक्य मनातून जाईना. 'पाच' म्हणावयाचे तर मोजणाऱ्याने चेहरे विसरावे लागतात. हे विसरणे हेच गणिताचे सामर्थ्य. त्यावाचून ना पंचांग घडले असते, ना आपल्या उज्जयिनीची वेधशाळा. कलावंताचे काम नेमके उलट. एकाच ताग्यातील कापडातून तो असा चेहरा घडवितो, की तिच्या जागी दुसरी चालू नये.

आमचे आयुष्य मोजणाऱ्यांच्या पक्षात गेले. २००१ च्या जनगणनेत, मार्चच्या आरंभीच्या दुरुस्ती फेरीत, एका झोपडीतील आकडा एकाने कमी करावा लागला. आम्ही तपासून सही केली आणि पुढच्या दाराकडे वळलो. कोण गेले, हे विचारले नाही.

तो आकडा अचूक होता. मोजणीवाचून शिधा, शाळा, विहीर यांतील काहीच कोणापर्यंत पोहोचत नाही, म्हणून मोजणे हा अपराध नव्हे. मोजून झाल्यावर पुन्हा माणसाकडे न पाहणे हा दोष आहे. तो गणिताचा नव्हे, आमचा होता.

दुसऱ्या दिवशी नातीला सांगितले, ती पाणी आणायला गेली आहे. "मग घरी पाच," तिने तत्काळ उत्तर दिले. भातुकलीत ताटे मात्र सहाच मांडली.

मणी वापरले असते तर वजाबाकी कदाचित लवकर आली असती. परंतु मोजल्यावर मागे वळून पाहण्याची सवय मण्यांनी लावली नसती. बाहुलीचे कलाकृती असणे हेच तिचे शिक्षणसाधन म्हणून मोल आहे, असे आता आम्हांस वाटते.