प्रसूतीच्या वेदना सोसाव्या कीं शमवाव्या?

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न अलीकडे विचारला जाऊं लागला आहे. सून बाळंतपणासाठीं शहरांतील दवाखान्यांत जाते. तेथें डॉक्टरीणबाई विचारतात कीं, कळा सोसवत नसतील तर पाठींत सुई देऊन दुखणें कमी करूं काय? सून नवऱ्याकडे पाहते, नवरा आईकडे पाहतो, आणि आई म्हणते कीं, ज्या वेदना देवानें हव्वेला नेमून दिल्या त्या टाळणें हें अविश्वासाचें लक्षण होय. मग गोष्ट उपदेशकापर्यंत येते. त्यानें काय उत्तर द्यावें?

प्रथम शास्त्राकडे पाहूं. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायांत शाप हा शब्द सर्पाला व भूमीला उद्देशून आला आहे. स्त्रीला शापित म्हटल्याचें तेथें कोठेंहि नाहीं. तिच्या वांट्याला क्लेश येतील असें मात्र सांगितलें आहे. त्या क्लेशांसाठीं मूळ इब्री भाषेंत 'इत्साबोन' असा शब्द आहे, आणि लगेच पुढच्या वचनांत आदामाला शेतांत जे कष्ट पडतील त्यांसाठींहि तोच शब्द योजिला आहे. आतां आपण शेतकरी लोक काय करतों? भूमि कांटेकुसळें उपजवील असें देवानें सांगितलें म्हणून कोणी शेतांत कुंदा व हराळी वाढूं देत नाहीं. आपण कोळपें चालवितों, खुरपतों, ट्रॅक्टर भाड्यानें आणून नांगरट करतों, आणि ह्यांत पाप झालें असें एकाहि वडिलाला वाटत नाहीं. पुरुषाचे इत्साबोन हलके करणें हें शहाणपण, आणि स्त्रीचे इत्साबोन हलके करणें हा अविश्वास, असा न्याय पुरुषांनींच लाविला असावा असें मला वाटतें. मात्र सासवाहि त्याला दुजोरा देतात, हेंहि खरें. हा शब्द जुन्या करारांत आणखी एकदांच येतो. नोहाचा बाप लामेख मुलाचें नांव ठेवतांना आशा करतो कीं, हा मुलगा आम्हांला ह्याच कष्टांपासून विसावा देईल. म्हणजे त्या क्लेशांतून आराम मागणें हें शास्त्राला परकें नाहीं.

हा वाद नवा नाहीं. स्कॉटलंडांतील एडिंबरो येथें जेम्स यंग सिंपसन नांवाचा प्रसूतिशास्त्राचा अध्यापक होता. त्यानें १८४७ च्या जानेवारींत ईथर व नोव्हेंबरांत क्लोरोफॉर्म हीं औषधें बाळंतपणांत वापरलीं, आणि डिसेंबरांत धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी एक पुस्तिका छापली. इब्री शब्दाचा मुद्दा त्यांत आहे. देवानें आदामाला गाढ झोप आणून मग त्याची फांसळी काढली, हाहि दाखला त्यानें दिला. तो दाखला मला फारसा बळकट वाटत नाहीं, कारण तेव्हां पाप जगांत आलेलें नव्हतें, मग वेदना शमविण्याचा प्रश्न तरी कोठून येणार? पण सिंपसन देवभीरु मनुष्य होता आणि त्याचें हृदय योग्य जागीं होतें. धर्मगुरूंचा विरोधहि, पुढें लोक सांगतात तितका प्रचंड झालाच नाहीं. ७ एप्रिल १८५३ रोजीं व्हिक्टोरिया राणीनें आपल्या आठव्या बाळंतपणांत डॉक्टर जॉन स्नो ह्यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला. ती इंग्लंडच्या मंडळीची प्रमुख होती. (हेच स्नो पुढील वर्षीं लंडनमध्यें पटकी दूषित पाण्यानें पसरते हें एका पंपावरून दाखविणारे.)

क्लोरोफॉर्मनें मात्र शुद्ध हरपत असे आणि कधीं जीवहि जाई. आजची पाठींतील सुई वेगळी आहे. तिला एपिड्यूरल म्हणतात. स्पेनचा लष्करी शल्यवैद्य फिदेल पाजेस ह्यानें १९२१ सालीं ही रीत शस्त्रक्रियेसाठीं वर्णिली. बाळंतपणांत ती नंतर आली. कमरेच्या दोन मणक्यांमधून सुई घालून, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर जी जागा असते तेथें एक बारीक नळी ठेवतात व तींतून थोडें थोडें औषध सोडतात. बाई पूर्ण शुद्धीवर असते, बोलते, प्रार्थना करते, मूल रडलेलें ऐकते. कळांचें दुखणें मात्र पुष्कळ कमी होतें. कधीं रक्तदाब उतरतो, कधीं औषध एकाच बाजूला लागतें, अंगाला खाज सुटते, ताप येतो, आणि शेवटीं जोर देण्याचा काळ कांहींसा लांबतो. क्वचित् आवरणाला भोंक पडून कांहीं दिवस डोकें फार दुखतें. सुई घेतली तर पोट चिरावेंच लागतें, आणि पाठ जन्मभर दुखते, ह्या दोन समजुतींना मात्र तपासणींत आधार मिळालेला नाहीं. ज्यांचें रक्त नीट गोठत नाहीं अशा बायकांना ही सुई देत नाहींत. तिच्यासाठीं भूल देणारा तज्ज्ञ लागतो, आणि आईच्या रक्तदाबावर व बाळाच्या ठोक्यांवर सतत नजर ठेवावी लागते.

कोणी म्हणेल, प्रभूनें वधस्तंभावर जाण्यापूर्वीं बोळ मिसळलेला द्राक्षारस घेतला नाहीं. मग त्याच्या शिष्येनें भूल कां घ्यावी? हा आक्षेप गंभीर आहे व त्याला हंसून घालवितां येणार नाहीं. परंतु प्रभूनें तो पेला स्वतःसाठीं नाकारला. दुसऱ्या कोणाच्या ओठांपासून त्यानें तो कधीं दूर केला आहे काय? जो जो दुखणाईत त्याच्यापाशीं आला त्याला त्यानें बरें केलें; आधीं थोडें सोस, असें एकालाहि म्हटलें नाहीं. आणि शेवटीं तहान लागल्याचें सांगून आंब घेतली ती त्यानेंच. आपण होऊन उचललेला वधस्तंभ आणि दुसऱ्याच्या खांद्यावर आपण लादलेलें ओझें ह्यांत आकाश-पाताळाचें अंतर आहे, आणि मंडळींत बहुधा दुसऱ्यालाच पहिल्याचें नांव देण्यांत येतें.

आणखी एक गोष्ट. कळा सोसल्यानें पुण्य लागतें, असा भाव आमच्या घरांतून अजून गेलेला नाहीं. आमचें तारण कृपेनें विश्वासाच्या द्वारें आहे असें आपण दर रविवारीं कबूल करतों. मग बाळंतिणीच्या खाटेपाशीं कर्मांचा हिशेब कां मांडावा? तीमथ्याच्या पहिल्या पत्रांतील बाळंतपणाविषयींचें वचन कित्येक पुढें करतात. त्या वचनांत विश्वास, प्रीति व पावित्र्य ह्यांचीं नांवें आहेत, वेदनेचें नाहीं.

म्हणून सुई घ्यावीच असें मी सांगतों काय? मुळींच नाहीं. जिला आपल्या बळावर, औषधावांचून, बाळंत व्हावयाचें आहे तिलाहि कोणी अडाणी म्हणूं नये. शहरांत शिकलेल्या कांहीं सुना गांवांतल्या जावांना असें हिणवितात, हें वाईट आहे. ग्रँट्ली डिक-रीड नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें १९३३ च्या आपल्या पुस्तकांत दाखविलें कीं, भीतीनें अंग ताठतें आणि ताठलेल्या अंगाला कळ अधिक लागते. त्याचें सगळेंच म्हणणें टिकलें नाहीं, पण भीतीविषयीं तो खरें बोलला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं प्रसूतीच्या देखभालीविषयीं सूचना काढल्या. त्यांत मागेल त्या निरोगी स्त्रीला एपिड्यूरल द्यावी असें आहे, आणि श्वासोच्छ्वास, मालीश व अंग सैल सोडण्याच्या रीतींनाहि स्थान आहे. निवड तिची, सासूची नव्हे, नवऱ्याची नव्हे, पाळकाची तर नव्हेच.

पण आमच्या बहुतेक बहिणींपुढें ही निवड येतच नाहीं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत भूल देणारा तज्ज्ञ सहसा नसतो. तेथें ती खाटेवर एकटी असते, आणि ओरडली तर कधीं असें लागट बोलणें ऐकते कीं तें ह्या पत्रांत छापतां येणार नाहीं. मला विचाराल तर पाठींतील सुईपेक्षां हा प्रश्न मोठा आहे. राहेलीला बेथलेहेमाच्या वाटेवर कळा लागल्या तेव्हां तिच्या सुइणीजवळ औषध नव्हतें. पण भिऊं नको, असें तरी तिनें तिला म्हटलें. राहेल वांचली नाहीं, तरी तेवढा शब्द तिच्या कानीं पडला. सरकारनें २०१७ सालीं 'लक्ष्य' नांवाची योजना काढली. तिच्याप्रमाणें प्रसूतिगृहांत बाईबरोबर तिच्या पसंतीची सोबतीण असूं द्यावयाची आहे. ही गोष्ट आमच्या लोकांना ठाऊक नसते व म्हणून कोणी मागत नाहीं. मंडळींतील एखाद्या पोक्त बहिणीनें सोबत जावें, हात धरावा, पाठ चोळावी, पाणी द्यावें, हळू आवाजांत गीत म्हणावें. अशी जाणती सोबत असली म्हणजे बायकांना कळांसाठीं औषध कमी लागतें असें तपासणींत दिसून आलें आहे.

ज्यांना शहरांत जाणें शक्य आहे त्यांनीं सातव्या-आठव्या महिन्यांतच डॉक्टरांना विचारून ठेवावें: भूल देणारा तज्ज्ञ रात्रीं असतो काय, खर्च किती, रक्ताची तपासणी झाली आहे काय? कळा सुरू झाल्यावर शांतपणें विचार होत नाहीं. आणि जिनें आधीं नको म्हटलें तिनें मध्यरात्रीं हो म्हटलें, तर पुढील रविवारीं प्रार्थनामंदिराच्या दारांत तिच्या त्या हो म्हणण्याची चर्चा कोणी करूं नये.