सडकेचा हिशेब

सडक होऊनही गरिबाची मिळकत वाढली नाही, तर ती सडक व्यर्थ गेली असे म्हणावे काय? सन २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या सडका तपासून एशर व नोवोसॅड या अर्थशास्त्र्यांनी सन २०२० मध्ये लिहिले, की चार वर्षे लोटली तरी पीक, मिळकत व चीजवस्तू यांत म्हणण्यासारखी वाढ दिसली नाही; मात्र पुष्कळ मजूर शेतकाम सोडून इतर कामास लागले.

वाचकहो, ही गोष्ट हलकी समजू नका. ज्यास एकाच धन्याचे शेत ठाऊक, तो मजुरी ठरवीत नाही. मिळेल ती घेतो. तालुक्याचे काम आटोक्यात आले म्हणजे त्यास "नाही" म्हणता येते. (धन्यास हे रुचत नाही, ते निराळे.) हे "नाही" कोणत्या वहीत जमा धरावे?

दुसरा हिशेब डोक्यांचा. त्या योजनेने आरंभी सपाटीवर ५०० व डोंगराळ आणि आदिवासी मुलखात २५० लोकवस्तीची अट घातली. पैसा थोडा, तेव्हा क्रम लावणे आलेच. परंतु नंदुरबारच्या डोंगरांत कोठे कोठे अडलेल्या स्त्रीस अजूनही झोळीत घालून सडकेपर्यंत न्यावे लागते. पाड्यात दहा माणसे कमी, म्हणून तिच्या कळा कमी होतात काय?